ग्रंथांचे उत्तराधिकारी



घरातील एखादी व्यासंगी व्यक्ती दिवंगत झाली म्हणजे तिच्या मागे राहणाऱ्या बहुतेक वस्तूंची वाट कायद्याने आणि कुळाचाराने आधीच आखून ठेवलेली असते. जमीनजुमला वारसांच्या नावावर चढतो. दागिने लेकीसुनांकडे जातात. वस्त्रे आणि भांडी दानधर्मात खर्ची पडतात. देव्हाऱ्यातील देव पुढे कोणाच्या घरी जावयाचे, हेही ठरलेले असते. केवळ एका वस्तूच्या बाबतीत रूढी मूक आहे, कायदा उदासीन आहे आणि आप्तेष्ट गोंधळलेले असतात. ती वस्तू म्हणजे त्या व्यक्तीने जन्मभर जमविलेला ग्रंथसंग्रह.

अशा संग्रहाचे पुढे काय होते, हे मराठी घरांतून वारंवार पाहावयास मिळते. पहिले काही महिने त्या खोलीत पाऊल टाकण्याचेही कोणास धैर्य होत नाही. मेजावर चष्मा तसाच असतो. अर्धवट वाचलेल्या ग्रंथात खुणेचा कागद तसाच असतो. पुढे दुःखाची धार बोथट होते, परंतु ग्रंथ हलविणे म्हणजे त्या व्यक्तीलाच घरातून बाहेर काढणे, अशी भावना मनात घर करून राहते आणि कपाटांना कुलूप लागते. गोव्यात आणि बेळगावच्या बाजूस दोन पावसाळे लोटले की भिंतीची ओल पुठ्ठ्यांत शिरते, बुरशी धरते, वाळवी मागल्या फळीतून आत येते. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळवीचे काम ऊन करते; जुना कागद तांबूस होऊन बोटांखाली मोडू लागतो. पंधरा-वीस वर्षांनी घर विकण्याचा अथवा पाडून बांधण्याचा प्रसंग येतो. मुले दूरदेशी असतात, दिवस थोडे असतात, आणि मग एका दुपारी रद्दीवाल्याचा काटा अंगणात लागतो.

या कथेत दुष्ट असा कोणीच नाही, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. पत्नीने प्रेमापोटी कुलूप लावले, मुलाने आदरापोटी किल्ली मागितली नाही, नातवाने निरुपायाने काटा बोलावला. तिघांचाही हेतू शुद्ध असून परिणाम मात्र असा की, एका माणसाने पन्नास वर्षांत जमविलेले धन एका दुपारी वजनावर गेले. म्हणून दिवंगतांच्या ग्रंथांचा प्रश्न हा मुख्यतः भावनेच्या शिस्तीचा प्रश्न आहे. प्रेमाला योग्य वेळी योग्य मार्ग दाखविला नाही, तर तेच प्रेम ग्रंथांना घातक ठरते.

मठाच्या वर्धापनाच्या निमित्ताने या विषयाचा विचार होणे अगदी उचित आहे. घराची परंपरा रक्ताने चालते, मठाची परंपरा शिष्याने चालते. पीठावर बसणारा हा पूर्वीच्या स्वामींचा पुत्र नसतो. त्यांची विद्या आणि त्यांचे व्रत पुढे नेण्याची पात्रता हाच त्याचा अधिकार. ग्रंथाच्या वारशाला हाच न्याय लागू पडतो. घराचा वारस जन्माने ठरतो, ग्रंथाचा वारस वाचनाने ठरतो. तो घरातच असेल तर उत्तम. नसेल तर त्याला शोधून काढणे हे कुटुंबाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य ज्यांनी ओळखले त्यांच्या घरचे ग्रंथ जगले, आणि याची साक्ष महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वसाहतींत जागोजाग उभी आहे.

तंजावरचे उदाहरण सर्वांत दूरचे आणि सर्वांत बोलके आहे. सरफोजीराजे दुसरे हे इ.स. १७९८ मध्ये गादीवर आले आणि १८३२ मध्ये निवर्तले. राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेल्यावर त्यांनी आपली शक्ती विद्येकडे वळविली. काशीयात्रेच्या वेळी त्यांनी पोथ्या मिळविल्या, युरोपातून मुद्रित ग्रंथ आणविले, आणि त्यांपैकी पुष्कळांवर आपल्या हाताने स्वाक्षरी केली. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि संस्थान खालसा झाले. गादी गेली, परंतु ग्रंथालय टिकले. ते का टिकले, हे पाहण्यासारखे आहे. बर्नेल या विद्वान अधिकाऱ्याने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली आणि ती १८८० मध्ये छापली गेली. राजवाड्यातील त्या दालनांत काय आहे, हे जगाला कळले. सूचीनंतर ३८ वर्षांनी, म्हणजे १९१८ मध्ये, सरस्वती महाल सार्वजनिक झाला. पुढे तंजावरातील जंबुनाथ भट्ट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत यांच्याकडील पोथ्यांचे संग्रहही त्याच छत्राखाली आले. राजाचा संग्रह आणि पंडिताच्या घरचे बाड एका ठिकाणी नांदू लागले. ज्याची यादी झाली ते वाचले, हा या कथेचा सारांश होय.

बडोद्याचा मार्ग याहून वेगळा. सयाजीराव महाराजांनी मरणाची वाट पाहिली नाही. अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी १९१० मध्ये राज्यातील ग्रंथालयांची घडी बसविण्यास आरंभ केला, आणि मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया म्हणून आपल्या राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ देऊन टाकले. गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या त्याच योजनेतून निघाल्या. महाराज १९३९ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांच्या त्या ग्रंथांची चिंता करण्याचे कोणासही कारण नव्हते. ते केव्हाच आपल्या वाचकांपाशी पोहोचले होते.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीही असेच केले. त्यांच्या वयाला ८० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाचे प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेच्या स्वाधीन केला. मालवणात जन्मलेल्या या पंडिताचे ग्रंथ त्यांच्या पश्चात कोणाच्या माडीवर पडून राहिले नाहीत. ज्या विषयांत त्यांनी आयुष्य वेचले त्याच विषयांच्या अभ्यासकांच्या हाती ते गेले.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापाशी ना राजवाडा होता, ना संसार. वाईला सापडलेल्या पत्रांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला आणि पुढे जन्मभर ते गावोगावची दफ्तरे धुंडाळीत हिंडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे देहावसान झाले. मागे राहिले ते कागद, टिपणे आणि बाडे. त्यांच्या चाहत्यांनी ही सामग्री वाटून घेतली नाही. तिच्याभोवती राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठामठांतून पोथ्या आणि बाडे मिळवून १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिराची स्थापना केली. ज्या मठांत पूजा चालू होती परंतु वाचणारा उरला नव्हता, तेथील लेखनधन त्यामुळे अभ्यासकास उपलब्ध झाले. मठांच्या इतिहासात या घटनेचे मोल फार मोठे आहे.

हैदराबादेत तिसरे सालारजंग २ मार्च १९४९ रोजी अविवाहित आणि निपुत्रिक स्थितीत वारले. त्यांच्या वाड्यातील कलावस्तू, हस्तलिखिते आणि ग्रंथ लिलावात विखुरले जाण्यास वेळ लागला नसता. परंतु १६ डिसेंबर १९५१ रोजी त्याच वाड्यात संग्रहालय उघडले गेले, १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाचे ठरले, आणि १९६८ मध्ये ते मुसा नदीकाठच्या नव्या इमारतीत गेले. औरस संतती नसलेल्या माणसाच्या संग्रहाला अवघा देश वारस मिळाला.

ही थोरांची उदाहरणे झाली. ज्या घरी ५०० अथवा २,००० पुस्तके आहेत आणि दप्तरी कोणी दिवाण नाही, त्या घराने काय करावे? येथे आपल्या परंपरेतील दानविचार उपयोगी पडतो. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात विद्यादानाचा स्वतंत्र विचार केला आहे, आणि ग्रंथ लिहवून देणे हा त्याचाच भाग मानला आहे. दान उत्तम ठरण्यास काळ, पात्र आणि देश ही तीन पाहावी, असे आपल्याकडे सर्वमान्य आहे. ग्रंथदानास हीच तीन परिमाणे लावून पाहावी.

प्रथम काळ. देण्याची घाई करू नये, यादीची मात्र दिरंगाई करू नये. वर्षश्राद्ध होईपर्यंत एकही ग्रंथ घराबाहेर न जाऊ देणे, हा नियम पाळण्यासारखा आहे. पहिल्या शोकात माणूस एक तर सर्व काही देऊन टाकतो किंवा सर्व काही धरून ठेवतो, आणि दोहोंचाही पुढे पश्चात्ताप होतो. परंतु या वर्षाच्या आत यादी पुरी झाली पाहिजे. एकाने ग्रंथ हाती घेऊन वाचावे, दुसऱ्याने वहीत लिहावे: ग्रंथाचे नाव, कर्ता, प्रकाशनाचे स्थळ व वर्ष, आवृत्ती, आणि ग्रंथ कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर होता ते. एका बैठकीत ४० ग्रंथ होतात असे धरले, तर २,००० ग्रंथांना ५० बैठका लागतात. आठवड्यातून एक बैठक घेतली तरी वर्षाच्या आत काम संपते. घरातील नातवंडांना या कामाला बसवावे. आजोबांनी काय वाचले आणि आजीने कोणत्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर कोणती तारीख घातली, हे त्यांना कळण्याचा याहून सुंदर मार्ग नाही.

फळीची नोंद कशासाठी, असा प्रश्न कोणी करील. वाचकाच्या कपाटात ग्रंथांची एक संगती असते. संतवाङ्मयाच्या शेजारी एखादा कन्नड वचनसंग्रह असतो, नाट्यगीतांच्या पुस्तकाशेजारी संगीतशास्त्राची वही असते. त्या माणसाचा विचार कोणत्या वाटेने चालला, हे त्या शेजारावरून उमगते. पुढे ग्रंथ दहा ठिकाणी गेले तरी ही वही घरात राहते, आणि वहीत तो संग्रह अखंड राहतो. म्हणून यादीच्या तीन प्रती कराव्या. एक घरी ठेवावी, एक दूरच्या आप्ताकडे द्यावी, आणि एक ग्रंथांबरोबर जावी.

यादी करताना प्रत्येक ग्रंथ पानन् पान उलगडून पाहावा. जुन्या ग्रंथांत पत्रे असतात, पावत्या असतात, बारशाच्या यादीचे कागद असतात, क्वचित नोटाही असतात. समासात लिहिलेली टिपणे असतील तर त्या ग्रंथासमोर खूण करावी. ज्या ग्रंथावर त्या व्यक्तीने वाद घातला आहे, चूक दाखविली आहे, प्रश्न विचारला आहे, तो ग्रंथ बाजारात मिळणाऱ्या त्याच ग्रंथाहून वेगळा झालेला असतो. मधल्या काळात कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावी, खालची फळी रिकामी ठेवावी. जुन्या लोकांची वेखंडाची आणि निंबाच्या पाल्याची रीत आजही वाईट नाही. परंतु ग्रंथ कडक उन्हात वाळत घालू नयेत.

यानंतर पात्राचा विचार. यादी हाती आली म्हणजे संग्रहाचे आपोआप चार भाग पडतात.

पहिला भाग घरात राहावयाचा. प्रत्येक मुलाने आणि नातवंडाने एक-दोन ग्रंथ निवडावे. ते शक्यतो स्वाक्षरीचे अथवा टिपणांचे असावे. स्मृतीसाठी एवढे पुरते. सर्व संग्रह स्मृती म्हणून सांभाळावयाचा म्हटले, तर स्मृतीचे ओझे होते आणि ओझे कोणीतरी एक दिवस खाली टाकतोच.

दुसरा भाग नेहमीच्या वाचनाच्या ग्रंथांचा: कादंबऱ्या, नाटके, चरित्रे, काव्यसंग्रह, मुलांची पुस्तके. हे ग्रंथ दुर्मिळ नसतात, म्हणून त्यांना मोठ्या संस्थेची गरज नसते; त्यांना जवळचा वाचक पाहिजे असतो. शाळा, तालुक्याचे वाचनालय, वसतिगृह, रुग्णालयातील वाचनाचे कपाट, एखाद्या होतकरू शिक्षकाचे घर ही त्यांची योग्य स्थाने. जुनी पुस्तके विकणाऱ्या दुकानदारास काही ग्रंथ दिले तर त्यातही लाज वाटण्याचे कारण नाही. पदरचे पैसे मोजून जो ग्रंथ घेतो तो बहुधा वाचतोही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. त्यांत वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, अशी दोन्ही बाजूंनी अपेक्षा आहे. दिवंगतांच्या ग्रंथांना यांतील दुसरी अपेक्षा विशेष लागू पडते.

तिसरा भाग अभ्यासकाच्या उपयोगाचा: कोश, संशोधनग्रंथ, जुनी नियतकालिके, स्थानिक मुद्रणालयांत छापलेली लहानमोठी पुस्तके, हस्तलिखिते, रोजनिश्या, पत्रव्यवहार. येथे तीन गोष्टी सांभाळाव्या. संच फोडू नये. केतकरांच्या ज्ञानकोशाचे अथवा दाते-कर्वे यांच्या शब्दकोशाचे खंड दोन भावांनी वाटून घेतले, तर दोघांच्याही हाती काही उरत नाही. नियतकालिकांचे सुटे अंक निरुपयोगी समजू नये. ‘विविधज्ञानविस्तार’ किंवा ‘मनोरंजन’ यांचा एखादा अंक कोठल्यातरी ग्रंथालयातील तुटलेली माला पुरी करणारा असू शकतो. आणि जी लिपी घरात कोणास वाचता येत नाही, तो कागद रद्दी समजू नये. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जात असे. तरीही ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील घरांत पणजोबांच्या हातचे मोडी कागद आज ‘काहीतरी जुने’ म्हणून माळ्यावर पडलेले असतात. गोव्यात गोयकानडीतील कागद आणि पोर्तुगीज ग्रंथ यांची अवस्था तीच आहे. न समजणारे कागद जाणकाराने पाहिल्यावाचून घराबाहेर जाऊ नयेत.

परदेशी राहणाऱ्या मुलांनी येथे कायद्याकडेही लक्ष दिले पाहिजे. पुराणवस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शास्त्रीय, ऐतिहासिक अथवा वाङ्मयीन महत्त्वाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही. तसेच दिवंगत व्यक्ती स्वतः लेखक असेल, तर तिच्या लेखनावरील हक्क तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हस्तलिखित संस्थेला दिले म्हणजे ते छापण्याची अनुज्ञाही दिली की नाही, हे दानपत्रात स्पष्ट लिहावे. पुढील पिढीतील तंटे अशा एका ओळीने मिटतात.

चौथा भाग देण्यास अवघड, परंतु टाळता न येणारा. कालबाह्य झालेली पाठ्यपुस्तके, रद्द झालेल्या कायद्यांची मार्गदर्शके, वाळवीने पोखरलेले आणि अन्यत्र सहज मिळणारे ग्रंथ यांचे कार्य संपलेले असते. देवावरचे फूलही दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, आणि निर्माल्य आदराने काढले म्हणून पूजेत उणे येत नाही. मात्र नदीत विसर्जन करण्याची जुनी रीत ग्रंथांच्या बाबतीत आवर्जून सोडावी. जीर्ण पोथी गंगार्पण करावी या श्रद्धेने किती अमोल हस्तलिखिते पाण्यात गेली, याची गणती करणारा कोणीच नाही.

पात्राच्या विचारात घेणाऱ्याची बाजूही येते. न विचारता टेम्पो भरून दारात उभे केलेले दान हे दान नसून भार आहे. ग्रंथपालाजवळ जागा मोजकी असते, माणसे थोडी असतात, आणि प्रत्येक ग्रंथाची दाखलनोंद, वर्गीकरण, बांधणी यांना श्रम व पैसा लागतो. त्याच्याकडे मराठी विश्वकोशाचा संच आधीच असेल तर दुसरा संच त्याने का घ्यावा? म्हणून प्रथम यादी पाठवावी, निवड त्याला करू द्यावी, त्याने नाकारलेल्या ग्रंथांबद्दल मनात अढी धरू नये. ‘संग्रह अखंड ठेवावा, स्वतंत्र कपाट असावे, कपाटावर नाव असावे’ अशा अटी दुःखातून निघतात आणि त्या समजण्यासारख्याही आहेत. परंतु बहुतेक घरांच्या बाबतीत त्या अटी ग्रंथांच्या वाटेत आड येतात. प्रत्येक ग्रंथाच्या आतल्या पानावर नावाची एक छोटी चिठ्ठी लावली तरी स्मरण राहते. कुटुंबाला शक्य असेल तर बांधणीसाठी काही रक्कमही ग्रंथांबरोबर द्यावी. कन्यादानात पाठवणी असते, तसेच हे आहे.

शेवटी देश, म्हणजे स्थळ. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. इंदुरात, हैदराबादेत, बेळगावात एखादा मोठा वाचक गेला म्हणजे पहिली सूचना येते ती अशी की, आता येथे मराठी वाचतो कोण, सगळे पुण्या-मुंबईस पाठवा. या सूचनेत तथ्य नाही असे नाही. तथापि तिचा अविचाराने अंगीकार केला तर एक विचित्र फळ मिळते. आधी वाचक कमी झाले म्हणून ग्रंथ जातात, मग ग्रंथ गेले म्हणून वाचक निर्माण होत नाहीत, आणि ज्या नगरात दोनशे वर्षे मराठी नांदली तेथे तिचा लिखित पुरावाही उरत नाही. पुण्यात त्या ग्रंथांच्या दहा प्रती आधीच असतात. त्यांत अकरावीची भर पडते. इंदुरातून मात्र ती एकुलती एक प्रत गेलेली असते.

यास्तव स्थळाचा नियम असा करता येईल. जे सर्वत्र मिळते ते जेथल्या तेथे ठेवावे. जे त्या गावानेच निर्माण केले, म्हणजे तेथे छापलेले, तेथील संस्थांचे अहवाल, तेथील लेखकांची हस्तलिखिते, तेही प्रथम त्या गावातच समर्थ स्थान शोधून ठेवावे. जे फार दुर्मिळ असून गावात ज्याचे रक्षण होणे शक्य नाही, तेच दूर पाठवावे. आणि पाठविण्यापूर्वी त्याची छायाप्रत मागे ठेवावी. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. अशा संस्थांना त्यांच्याच गावच्या घरांतून ग्रंथ मिळाले नाहीत तर ते कोठून मिळावयाचे? सीमेवरच्या घरांतील संग्रह बहुधा दोन भाषांचे असतात. तेथील कन्नड ग्रंथ कन्नड वाचकाकडे तितक्याच आपुलकीने जावे. ज्या माणसाने दोन्ही भाषा एका फळीवर ठेवल्या, त्याच्या पश्चात त्यांच्यात वैर कशाला?

गोव्याने या बाबतीत दोन्ही प्रकारचा अनुभव घेतला आहे. पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झाले, आणि धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर त्यांच्या मठांतील ग्रंथ त्याच दशकात तेथे आले. आज कृष्णदास शामा यांच्या नावाने चालणाऱ्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा हा पूर्वेतिहास होय. पुढे विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दफ्तरखान्यातील कागदांना वाणी दिली. ते १९६९ मध्ये निवर्तले. त्यांचे ग्रंथ आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाच्या संग्रहात आहेत. ज्या भूमीचा इतिहास त्यांनी शोधला त्याच भूमीतील विद्यार्थी ते ग्रंथ हाताळतात. देश, काळ आणि पात्र यांचा असा मेळ बसला म्हणजे दान सार्थकी लागते.

संस्थेला ग्रंथ दिले म्हणजे ते अमर झाले, असा भ्रमही नको. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि ग्रंथ व हस्तलिखिते यांची नासधूस झाली, ही घटना फार जुनी नाही. आग, पाणी, कीड आणि उपेक्षा यांना तर निमित्तही लागत नाही. देणाऱ्या घराने वर्षातून एकदा त्या ग्रंथालयात जावे, आपल्या माणसाचा एखादा ग्रंथ काढून वाचावा, चार नवे ग्रंथ द्यावे. पुण्यतिथीचे याहून अर्थपूर्ण अनुष्ठान सुचविणे कठीण आहे.

आणि सर्वांत सोपा उपाय ज्याचा त्याच्याच हाती आहे. वयाच्या साठीनंतर प्रत्येक वाचकाने आपली यादी आपणच करावी, कोणता ग्रंथ कोणाकडे जावा ते लिहून ठेवावे, आणि जे पुन्हा वाचावयाचे नाहीत ते ग्रंथ आपल्या हातांनी देऊन टाकावे. सयाजीरावांनी आणि भांडारकरांनी जे केले ते करण्यास राज्य अथवा कीर्ती लागत नाही. आपला ग्रंथ दुसऱ्याच्या हाती उघडलेला पाहण्याचे सुख जिवंतपणीच घेता येते. मागे राहणाऱ्यांचा अर्धा भारही त्याने हलका होतो.

मठासारख्या संस्थांना या कामी मध्यस्थ होता येईल. भक्तमंडळींची घरे मठाला ठाऊक असतात. कोणत्या घरी व्यासंगी वृद्ध आहेत आणि कोणत्या गावी वाचनालय उपाशी आहे, ही दोन्ही माहिती एकाच ठिकाणी मिळण्याचा संभव असतो. एक खोली, एक नोंदवही आणि यादी करण्यास बसणारे चार तरुण एवढ्याने आरंभ होतो. घरातून निघालेले ग्रंथ योग्य स्थान सापडेपर्यंत तेथे कोरड्या जागी थांबू शकतील. आज ज्या घरी अशा कपाटांना कुलूप आहे, त्या घराने येत्या पावसाळ्यापूर्वी ते उघडावे, एक वही घ्यावी, आणि पहिल्या फळीवरचा पहिला ग्रंथ लिहून काढावा.